जुन्या कारखान्याची कुंडली कशी काढायची

मुंढव्याच्या बाजूला एक बंद पडलेला कारखाना आहे. नाव देत नाही, जागेचं कोर्टात चालू आहे. गेटवर गंजलेली पाटी, "स्थापना १९३८". माझा मामा तिथे टूलरूमला होता, २६ वर्षं, त्यामुळे आमच्या घरात सगळे धरूनच चालायचे की ती बिल्डिंग १९३८ ची. मी पण तेच धरलं आणि दोन वर्षं त्या एका आकड्याच्या मागे फिरत बसलो, शेवटी कळलं की १९३८ साली तिथे जवळजवळ सगळी ज्वारी होती. कंपनी १९३८ ची हे खरं, पण ती सुरू झाली भवानी पेठेत एका वाड्याच्या मागच्या पडवीत. मुंढव्याची जमीन घेतली युद्धाच्या काळात, पहिली शेड त्याच्यानंतर, आणि मागच्या कोपऱ्यातली दगडी भिंत मात्र या सगळ्याच्या आधीची, कुणाच्या तरी तेलाच्या घाण्याची.

तर पहिली गोष्ट ही की कारखान्याला एक जन्मतारीख नसते. कंपनी नोंदली तो दिवस वेगळा, जमीन घेतली तो वेगळा, प्लॅन पास झाला तो, शेड उभी राहिली तो, आणि गेटमधून पहिला माल बाहेर पडला तो, हे सगळे वेगळे. पाटीवर बहुतेक यातली सगळ्यात जुनी तारीख असते कारण जुनं म्हटलं की गिऱ्हाईकाला बरं वाटतं, चितळ्यांपासून चपलेच्या दुकानापर्यंत पुण्यात हेच चालतं. त्यामुळे "ही बिल्डिंग कधीची" असा प्रश्न घेऊन निघू नका. कंपाउंडचा एक कच्चा नकाशा काढा, प्रत्येक शेडला नंबर द्या, ऑफिस, कँटीन, वॉचमनची खोली, पाण्याची टाकी, धुराडं असेल तर धुराडं, सगळ्यांना नंबर. वहीत प्रत्येक नंबरला एक पान. पुढचं सगळं काम त्या पानांवर करायचं.

जागा कुठे आहे ते आधी बघा

हे घरबसल्या होतं आणि यातून निम्मा अंदाज येतो. पुण्यात कारखाने लाटेलाटेने आले आणि प्रत्येक लाटेने आपली जागा धरली. रेल्वे पुण्याला पोचली १८५८ ला, तेव्हा घाट पूर्ण नव्हता, खंडाळ्यापर्यंतच होती आणि मध्ये घाट उतरून परत गाडीत बसायला लागायचं, तो सलग झाला १८६३ ला. त्यानंतरचे जुने कारखाने बघा, एकतर रेल्वेला चिकटून नाहीतर पाण्याला. खडकीची अम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची, रेल्वेला लागून. स्टेशनजवळची राजाबहादूर मिल, जिथे आता आपण पोरं घेऊन जेवायला जातो, ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, स्टेशन आणि संगम दोन्ही हाताशी. मुंढव्याची डेक्कन पेपर मिल मुळा-मुठेच्या काठाला, कारण कागदाला पाणी लागतं म्हणजे लागतंच. आणि कागद म्हटल्यावर सांगतो, त्याआधी हाच धंदा कसब्यात कागदीपुऱ्यात हाताने चालायचा, तसंच तांबट आळीत भांडी, म्हणजे पुण्यात "कारखाना" हा प्रकार साहेबाने आणला असं काही नाही, धुराडं आणलं एवढंच.

मग न्यायमूर्ती रानड्यांची औद्योगिक परिषद १८९० ची, मग स्वदेशीची लाट, त्यातला तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, अंताजी दामोदर काळ्यांनी घरोघर एकेक पैसा मागून उभा केलेल्या फंडातून. मग दुसरं महायुद्ध, लष्कराच्या ऑर्डरी, आणि त्यावर उभे राहिलेले छोटे छोटे इंजिनिअरिंगवाले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स खडकीला १९४६, पिंपरीचं एचए म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४, आणि १९६२ ला एमआयडीसी आल्यावर मुंबई रस्त्याच्या दोन्ही बाजू, भोसरी, चिंचवड, सगळंच. तुमची शेड जर चिंचवडला हायवेच्या बाजूला प्लॉट नंबरवाली असेल तर ती १८९० ची असल्याच्या गप्पा कोणी मारल्या तरी चहा पिऊन उठा.

जुनी नावं लक्षात ठेवा नाहीतर कागदात काही सापडणार नाही. शिवाजीनगर शोधाल तर ते भांबुर्डा म्हणून आहे, खडकी किरकी म्हणून, आणि पुणे स्वतः बरीच वर्षं पूना. मी तीन आठवडे एका यादीत चुकीच्या अक्षराखाली शोधत होतो यावर जास्त बोलत नाही.

मग भिंती वाचा

आत जायला परवानगी घ्या, लेखी. वॉचमनला शंभर रुपये देऊन आत शिरायचा प्रकार करू नका, काही झालं तर त्याची नोकरी जाते. बंद शेडमध्ये मशिनच्या फाउंडेशनचे खड्डे उघडे असतात आणि त्यावर पत्रा टाकलेला असतो जो तुमचं वजन घेणार नाही. जाड बूट, टॉर्च, दुसरं माणूस बरोबर. खडकी, देहूरोडच्या लष्करी कारखान्यांच्या आसपास तर कॅमेरा बाहेर काढायचाच नाही, तिथे १९२३ चा गोपनीयतेचा कायदा लागतो आणि "मला इतिहासाची आवड आहे" हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही.

आत गेल्यावर वर बघा, छप्पर सगळ्यात जास्त बोलतं. करवतीच्या दातांसारखं छप्पर आणि त्याच्या उभ्या बाजूला काचा असतील तर ते नॉर्थ लाइट, काचा उत्तरेला ठेवतात म्हणजे दिवसभर सारखा उजेड आणि ऊन थेट सुतावर किंवा लेथवर येत नाही. (पुण्यात मे मध्यापासून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला जातो, पण त्यातला बराच काळ ढग असतात म्हणून कोणाची तक्रार नसते.) कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, लोखंडी असतील तर त्या जोडल्यात कशा ते बघा, गोल डोक्याचे रिव्हेट, ज्याला आपल्याकडे सगळे रिबीट म्हणतात, ते असले तर साधारण १९५० च्या दशकापर्यंतचं काम, नंतर वेल्डिंग आणि बोल्ट. गर्डरच्या पोटावर अक्षरं उठलेली असतात, रंगाच्या पाच थरांखाली, टॉर्च तिरका धरला की दिसतात. डॉर्मन लाँग किंवा तसं कुठलं विलायती नाव निघालं तर माल बोटीने आलेला, टाटा निघालं तर १९१२ च्या नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हा सुरू झालं. खांब जर गोल, ओतीव बिडाचे असतील तर तुमचं नशीब जोरावर आहे, ते काम बहुतेक एकोणिसाव्या शतकातलं किंवा फार तर विसाव्याच्या सुरुवातीचं, आणि त्यातले काही पोकळ असतात, छपराचं पाणी खांबाच्या आतून खाली यायचं. दोन गर्डरच्या मध्ये विटांच्या छोट्या छोट्या कमानी दिसल्या तर ती जॅक आर्चची तक्तपोशी, आरसीसी सर्रास व्हायच्या आधीची.

मंगलोरी कौलं उतरवून ठेवलेली असतील तर एक उलटं करा. खालच्या बाजूला कारखान्याचं नाव ठोकलेलं असतं, बासेल मिशनवाल्यांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ ला आणि त्यांचं बघून मग इतरांनी काढले. पण कौल हा पुरावा म्हणून कच्चा आहे, कारण कौलं फुटतात, बदलतात, आणि आपल्याकडे पाडलेल्या वाड्याची कौलं कारखान्यावर आणि कारखान्याची गोठ्यावर हे सर्रास चालतं. एका कौलावरून साल लिहू नका, पाचपन्नास सारखी निघाली तर लिहा.

सिमेंटचा पत्रा म्हणजे अॅस्बेस्टॉस. भारतात तो बनायला लागला १९३४ ला कटनीजवळ कैमोरला, त्यामुळे देशी शिक्का असेल तर त्यानंतरचा. तो फोडायचा नाही, भोक पाडायचं नाही, त्याचा तुकडा "नमुना" म्हणून घरी आणायचा नाही. धूळ छातीत बसते आणि आजार वीस तीस वर्षांनी बाहेर निघतो.

भिंतीचा सांधा खिळ्याने थोडा खरवडा. पांढरट, भुसभुशीत, मध्ये चुन्याचे खडे दिसले तर चुन्याचं काम. कडक करडं असेल तर सिमेंट. मुंढव्याच्या त्या भिंतीत आम्हाला एकाच भिंतीत दोन्ही मिळालं, खालचे सहा फूट काळा पाषाण आणि चुना, वर वीट आणि सिमेंट, आणि मामा तिथे २६ वर्षं रोज जाऊन त्याला ते कधी दिसलं नव्हतं, तो म्हणाला "अरे आम्ही भिंत कशाला बघू, घड्याळ बघायचो".

भिंतीला उंचावर ओळीने लोखंडी ब्रॅकेट किंवा बुजवलेली गोल भोकं दिसली तर थांबा. तिथून लाइन शाफ्ट गेलेला. प्रत्येक मशिनला वेगळी मोटर यायच्या आधी एकच इंजिन असायचं, त्याच्यावरून छपराखाली लांबच लांब शाफ्ट फिरायचा, त्यावर पुल्या, पुलीवरून पट्टा खाली मशिनवर. ब्रॅकेटची ओळ जिकडे जाऊन संपते त्या टोकाला इंजिन होतं, त्याच्या पलीकडे बॉयलर, त्याच्या पलीकडे धुराडं, धुराडं पाडलेलं असलं तरी पाया सापडतो. हे एकदा कळलं की आख्ख्या कारखान्याचा सांगाडा डोळ्यापुढे उभा राहतो, मला सगळ्यात जास्त मजा यातच आली.

बॉयलर जागेवर असेल तर त्याच्यावर रजिस्टर नंबर ठोकलेला असतो, त्याचा स्वच्छ फोटो घ्या. १९२३ च्या बॉयलर कायद्याप्रमाणे प्रत्येक बॉयलरची नोंद आणि तपासणी व्हायची, त्यामुळे कंपनीने कागद जाळले तरी बाष्पके संचालनालयाकडे त्या नंबरावर चौकशी करता येते. मशिनच्या पितळी पाट्यांचे पण फोटो घ्या, पण पाटीवरचं साल हे मशिनचं, शेडचं नाही. आपल्याकडे सेकंडहँड मशिन आणायची फार हौस, १९१० ची लेथ १९५५ च्या शेडमध्ये सुखाने चालत असते. नट बोल्टचं माप मात्र बघा. इंची पाना लागतो की मिलिमीटरचा, इंची म्हणजे बहुतेक मेट्रिक यायच्या आधीचं. मामा अजून "चार सूत" म्हणतो, म्हणजे अर्धा इंच.

मग माणसं, आणि इथे घाई करू नका

कागद कुठे जात नाहीत, किंवा गेले तर आधीच गेलेत. माणसं जातात. म्हणून खरं तर हे पहिलं करायला हवं, मी भिंती वाचून मग करतो एवढ्याचसाठी की काय विचारायचं ते कळतं. "इंजिन कुठे होतं" असं विचारलं तर म्हातारा हसतो आणि सरसावून बसतो, "तुमच्या काळाबद्दल काहीतरी सांगा" म्हटलं तर तो भाषण करतो.

साल विचारायचं नाही. कोणालाच साल आठवत नाही आणि विचारलं की माणूस काहीतरी ठोकून देतो. त्याऐवजी विचारा, पानशेतच्या आधी की नंतर? जुन्या पुणेकराच्या डोक्यात १२ जुलै १९६१ ही रेघ पक्की आहे, ती शेड पुराच्या वेळी होती की नव्हती हे त्याला लगेच सांगता येतं. तसंच कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा, रात्रपाळीला कोण होतं आणि कुठल्या शेडमधून बाहेर पळाले हे लोकांना चक्क आठवतं. मग ७२ चा दुष्काळ, आणीबाणी, इंदिरा गांधी गेल्या तो दिवस. फारच जुना माणूस असेल तर पहिला पगार आण्यात घेतला की नव्या पैशात हे विचारा, नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. याच्यात आपलं घरचं पण घाला, "मोठीचं लग्न झालं तेव्हा नवीन कँटीन होतं का", आणि मग लग्नाची पत्रिका मागा. मामाच्या बाबतीत बी शेडचा प्रश्न असाच सुटला, मामी म्हणाली पानशेतच्या वेळी सगळे कामगार जुन्या शेडच्या गच्चीवर सामान ठेवायला गेले होते आणि शेजारी नुसते खांब उभे होते, छप्पर नव्हतं. मामाला हे अजिबात आठवत नव्हतं. तर बायकांना विचारा, डबा घेऊन गेटवर त्याच जायच्या.

शब्द त्यांचे वापरा. डिपार्टमेंट नाही, खातं. शिफ्ट नाही, पाळी. गिरणीतला माणूस असेल तर साचे, जॉबर, मुकादम, बदली. इंजिनिअरिंगवाला असेल तर फाउंड्री, मशिनशॉप, टूलरूम, टाइम ऑफिस. भोंगा किती वाजता व्हायचा आणि कुठपर्यंत ऐकू यायचा हे नक्की विचारा, इतिहासाला त्याचा उपयोग असो नसो, पण भोंग्यावरून बोलणं सुरू झालं की दोन तास कुठे गेले कळत नाही.

आणि त्यांच्याकडचे कागद बघा. तिकीट नंबरचा बिल्ला, पगाराची पाकिटं, पीएफची स्लिप, रिटायरमेंटला दिलेलं घड्याळ ज्याच्यावर कंपनीचं नाव आणि तारीख कोरलेली, युनियनची पावती. सगळ्यात भारी म्हणजे खंडेनवमीचे फोटो. आपल्याकडे खंडेनवमीला मशिनची पूजा होते आणि बऱ्याच कंपन्यांत त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे, त्यामुळे एरवी जिथे कॅमेरा नेता आला नसता त्या शेडच्या आतले फोटो, झेंडूच्या माळा घातलेली लेथ, पुढे पोरं, आणि मागे नकळत छप्पर, कैच्या, खिडक्या, सगळं आलेलं असतं. फोटोतल्या माणसांकडे नका बघू, मागे बघा. (माणसांची नावं मात्र पाठीमागे लिहून घ्या, पुढच्या वेळी सांगणारा असेलच असं नाही.)

रेकॉर्डिंग करायचं तर विचारून करा. संप, टाळेबंदी, थकलेली देणी यावर लोक बोलतात आणि मग म्हणतात हे कुठे लिहू नको. नाही लिहायचं.

जमिनीचे कागद

इथे कंटाळा आहे पण खरी तारीख इथेच निघते. आधी सर्व्हे नंबर शोधा, शहराच्या आत असेल तर सिटी सर्व्हे नंबर. सातबारा आणि मालमत्ता पत्रक म्हणजे प्रॉपर्टी कार्ड ऑनलाइन मिळतं, पण आजचं मिळून उपयोग नाही, आपल्याला पाहिजे त्यावरचे जुने फेरफार नंबर. इतर हक्कात किंवा नावाच्या शेजारी कंसात आकडे असतात ना, ते. ते घेऊन तलाठ्याकडे, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला जायचं आणि त्या नंबरच्या फेरफाराची नक्कल मागायची. फेरफारात लिहिलेलं असतं कोणी कोणाकडून कधी किती जमीन घेतली. जुन्या क्षेत्रफळात एकर, गुंठे आणि आणे असतात, १६ आणे म्हणजे एक गुंठा, ४० गुंठे म्हणजे एकर, हे माहीत नसेल तर वाटतं कोणीतरी किंमत लिहिलीय.

सोन्याचा कागद म्हणजे बिनशेतीचा हुकूम, एनए ऑर्डर. शेतजमिनीवर कारखाना काढायचा तर परवानगी लागायची, १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात कलम ६५ खाली, १९६६ नंतर नवीन कायद्याच्या ४४ खाली. हुकुमात तारीख असते, कशासाठी ते असतं, कधी कधी सोबत नकाशा असतो. त्या तारखेच्या आधी शेड असण्याची शक्यता कमी, पण "कमी" म्हणतोय, आधी बांधून मग परवानगी हा आपला जुना धर्म आहे.

जमीन सरकारने संपादन करून कंपनीला दिली असेल तर १८९४ च्या कायद्याखाली त्याची अधिसूचना सरकारी गॅझेटमध्ये छापलेली असते, सर्व्हे नंबरसकट. गॅझेट आणि गॅझेटिअर या दोन वेगळ्या गोष्टी, गॅझेट म्हणजे सरकारी हुकूम छापायचं पत्रक, गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, मी स्वतः सहा महिने एकच समजत होतो. एमआयडीसीतला प्लॉट असेल तर मालक एमआयडीसी, कंपनीकडे ९५ वर्षांचं लीज, तेव्हा सातबाऱ्यामागे पळू नका, थेट एमआयडीसीच्या ऑफिसात प्लॉट नंबर घेऊन जा, वाटपाचं पत्र, लीज डीड आणि बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, तिन्हीच्या तारखा वेगळ्या, तिन्ही लिहून घ्या.

जुना कागद मोडी लिपीतला निघाला तर घाबरू नका. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी वाचणारे भेटतात, पुरालेखागारात भेटतात, शिकायचे वर्गही चालतात. पानामागे पैसे घेतात ते द्या, घासाघीस करू नका, एका ओळीवर माणूस अर्धा तास घालवतो.

कंपनीचे आणि सरकारचे कागद

कंपनीचा सीआयएन नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, शोधा, कंपनी खात्याच्या साइटवर नावाने मिळतो. त्या २१ अक्षरांच्या नंबरात मध्ये चार आकडी साल असतं, ते नोंदणीचं साल. पण भागीदारीतून नंतर प्रायव्हेट लिमिटेड झालेली असेल तर धंदा त्याहून जुना, आणि बिल्डिंग त्याहून नवीन असू शकते.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, जुने लोक ज्याला फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस म्हणतात, तिथे १९४८ च्या कायद्यानंतरच्या कारखान्यांचे मंजूर प्लॅन असायला पाहिजेत. प्लॅन फूट इंचात आहे की मीटरमध्ये हे आधी बघा, मेट्रिक आलं ते १९५० च्या दशकाच्या शेवटी आणि ६० च्या सुरुवातीला. इथे एक फसवणूक आहे. पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा, तो १०० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यालाच लागू होता. १८९१ ला ५० केले, १९२२ ला २०, आणि १९४८ ला पॉवर असेल तर १०. त्यामुळे एखादा कारखाना सरकारी यादीत १९४९ ला पहिल्यांदा दिसला तर तो तेव्हा बांधला असं नाही, कायद्याची जाळी बारीक झाली आणि तो सापडला, एवढंच.

महापालिकेच्या करआकारणीकडे पण बघा, कारण कर लावायला पालिका कधी चुकत नाही. फक्त जागा तेव्हा कोणाच्या हद्दीत होती ते आधी काढा. पुणे महापालिका झाली फेब्रुवारी १९५० ला, त्याआधी शहर नगरपालिका वेगळी, उपनगर वेगळी, दोन्ही कॅन्टोन्मेंट वेगळे. पिंपरी चिंचवडला नगरपालिका १९७० ला आणि महापालिका १९८२ ला, त्याआधी सगळी ग्रामपंचायत.

कुठेच दाद लागत नसेल तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवस. पण "कारखान्याचा इतिहास द्या" असं लिहाल तर "अशी माहिती उपलब्ध नाही" हे उत्तर बरोबर ३० व्या दिवशी येतं, माझ्याकडे अशी दोन आहेत. सर्व्हे नंबर, फाइलचा विषय, साधारण साल लिहा आणि नक्कल न मागता फाइल बघायची परवानगी मागा. एका कार्यालयात मला "पुरात गेली" असं सांगितलं, ते कार्यालय टेकडीवर आहे. परत गेलो, फाइल मिळाली. तरी हेही खरं की नदीकाठच्या पेठांत ज्यांची हेड ऑफिसं होती त्यांची कपाटंच्या कपाटं ६१ ला गेली, तिथे मग माणसं आणि भिंती यांच्यावरच भागवायला लागतं.

लायब्ररी आणि नकाशे, थोडक्यात

पूना जिल्ह्याचं गॅझेटिअर १८८५ चं, तीन भागात, आणि १९५४ ची नवी आवृत्ती, दोन्ही ऑनलाइन वाचता येतात. दोन्हीत कारखाना आहे की नाही हे बघितलं की सत्तर वर्षांची चौकट मिळते. गोखले इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत जा, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची आर्थिक पाहणी केली होती, १९४५ आणि १९५२ ला छापलेली, युद्धाच्या आसपासच्या पुण्यातल्या कारखान्यांबद्दल त्याच्याइतकं नीट काही नाही. मराठा चेंबर, म्हणजे इथल्या व्यापारी-कारखानदारांची संघटना, १९३४ चं, त्यांचं संपदा मासिक चाळा. केसरी १८८१ पासून आणि सकाळ १९३२ पासून, बातम्या सोडा, जाहिराती बघा, जाहिरातीत पत्ता असतो. आमचा भवानी पेठेचा पत्ता तसाच मिळाला, अडकित्त्याच्या जाहिरातीखाली दोन ओळी.

नकाशात सर्व्हे ऑफ इंडियाची ४७ एफ १४ ही शीट पुण्याची, तिच्या वेगवेगळ्या सालच्या आवृत्त्या शेजारी ठेवून बघा. अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांचे १९६० ते ७२ चे फोटो आता खुले झालेत, यूएसजीएस म्हणजे त्यांच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या साइटवर जागा टाकून शोधा, नशिबाने ढग नसलेला मिळाला तर करवतीचं छप्पर पट्ट्यापट्ट्याचं दिसतं.

जुळवताना

प्रत्येक शेडच्या पानावर दोनच तारखा लिहा, "याच्या आधी नक्की नव्हती" आणि "याच्या वेळी नक्की होती". आमची ए शेड: एनए ऑर्डर १९४३, आणि १९४७ च्या जाहिरातीत मुंढव्याचा पत्ता. म्हणजे त्या चारात. बी शेड: जुलै ६१ ला खांब होते, छप्पर नव्हतं, मंजूर प्लॅन त्याच्या आदल्या वर्षीचा. दगडी भिंत: ४३ च्या हुकुमासोबतच्या नकाशात "जुना घाणा" असं लिहिलेलं. माणसाचं म्हणणं आणि कागद जुळले नाहीत तर एक खोडू नका, दोन्ही ठेवा, कोण म्हणालं ते लिहा. एकाच ठिकाणाहून आलेली माहिती चार जणांनी सांगितली तरी ती एकच धरा, आमच्याकडचे सगळे १९३८ त्या एका पाटीवरूनच आले होते.

झालं की तीन प्रती काढा. एक तुमच्याकडे, एक जवळच्या लायब्ररीला, आणि एक ज्यांनी सांगितलं त्यांना, मोठ्या अक्षरात छापून. मामाला नेऊन दिली तर त्याने आधी स्वतःचं नाव शोधलं, मग दुसऱ्या पानावर पेनाने खूण केली. टूलरूम मी चुकीच्या शेडमध्ये दाखवली होती.